तळ्याकाठची तीच फेरी: गुडघा, अंतर, वारा आणि अडलेली वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. बागेत शिरून तळ्याला वळसा घालून परत फाटकाशी येणारी पाच किलोमीटरच्या आसपासची फेरी, तळं कायम उजव्या हाताला. दोन महिने आठवड्यातून पाच दिवस जॉगिंग चालू आहे. फेरीला ३९ मिनिटं लागतात आणि ती काही केल्या कमी होत नाहीत. घड्याळ एके दिवशी ५.०५ किलोमीटर दाखवतं, दुसऱ्या दिवशी ५.३१. तळ्याच्या उघड्या काठावर आलं की दम लागतो. आणि गेल्या पंधरवड्यापासून उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. साधारण दोन किलोमीटर झाले की सुरू होतं, चालायला लागलं की थांबतं.

या चार वेगवेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांचं मूळ बरंचसं एकाच ठिकाणी आहे: रोज तीच फेरी, त्याच दिशेने, त्याच गतीने. फेरी तीच असली की आजच्या धावण्याची महिन्यापूर्वीच्या धावण्याशी तुलना करता येते, हा तिचा मोठा गुण. पण रस्ता तोच असला की भारही रोज त्याच जागी पडतो. त्यामुळे फेरी बदलायची गरज नाही, ती नीट ओळखायची गरज आहे. गुडघ्याचं काम थांबू शकत नाही, म्हणून आधी तेच घेतो.

मांडीच्या बाहेरच्या अंगाने नितंबापासून गुडघ्याखालच्या हाडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला आयटी बँड म्हणतात. पाऊल टेकल्या टेकल्या गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो, आणि नेमका त्याच वेळी हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो. ठरावीक अंतरानंतर सुरू होणारं, उतारावर वाढणारं आणि चालताना शांत होणारं बाहेरच्या बाजूचं दुखणं बहुतेक वेळा याचंच असतं. गुडघ्याला सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा साधं चालतानाही दुखत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. तेव्हा धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आता उजवाच गुडघा का? पायवाटेवर पाणी साचू नये म्हणून तिला आडवा उतार दिलेला असतो, आणि तळ्याकाठी तो बहुधा पाण्याच्या बाजूला असतो. तळं उजवीकडे म्हणजे उजवं पाऊल कायम खालच्या अंगाला. २ टक्के उतार म्हणजे मीटरभर रुंदीत २ सेंटीमीटर, साधारण सव्वा अंश. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण मिनिटाला १६५ पावलं धरली तर ३९ मिनिटांत साडेसहा हजारांच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे उजवा पाय तीन हजारांहून जास्त वेळा टेकतो. त्यातली निम्मी पावलं जरी उतारावर पडली तरी खालच्या बाजूचा गुडघा प्रत्येक वेळी किंचित आत झुकतो आणि बाहेरचा पट्टा ताणला जातो.

हे तपासून बघा. फोनमधलं लेव्हल मोजायचं साधन उघडा, फोन पायवाटेवर आडवा ठेवा आणि आकडा वाचा. ते नसेल तर बाटलीतलं थोडं पाणी सांडा आणि ओघळ कुठे जातो ते पाहा. दर दोनशे-तीनशे मीटरवर एकदा, आणि प्रत्येक ठिकाणी तीन जागी: कठड्याशी, मधोमध, दुसऱ्या कडेला. पुष्कळदा मधला पट्टा जवळजवळ सपाट निघतो आणि कडेचा मीटरभर भाग ४-५ टक्के कललेला असतो. पाणी जवळून दिसावं म्हणून माणसं नेमकी त्याच कललेल्या कडेने धावतात. काही पायवाटा मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत्या असतात, तिथे कड बदलली की खालचा पाय बदलतो.

म्हणून पहिला बदल: एक दिवस सुलट, एक दिवस उलट. काही बागांत एकाच दिशेने धावायचा नियम असतो. तिथे नियम मोडू नका, फक्त कठडा सोडून मधल्या सपाट पट्ट्यावर या. दिशा बदलताना पहिले दोन आठवडे उलटी फेरी छोटी ठेवा, नाहीतर उजव्याचं दुखणं डाव्यात जाईल.

दुसरा बदल पावलांचा. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजा आणि चाराने गुणा, म्हणजे दोन्ही पायांची मिनिटाची पावलं कळतील. १५५ ते १६० येत असेल तर गती न वाढवता ५ टक्के वाढवा, म्हणजे १५५ची १६३. पाऊल आखूड होतं, शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. एकदम मिनिटाला १८० पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही, आणि घाईने गाठला तर पोटऱ्या आखडतात. फोनवर मेट्रोनोम (ठरावीक ठेका देणारं साधन) लावून दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले तर आठवडाभरात सवय लागते.

तिसरा बदल कुल्ह्याच्या ताकदीचा. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपा, वरच्या पायाची टाच भिंतीला टेकवा, बोटं किंचित जमिनीकडे. टाच भिंतीवरून सरकवत पाय ३० अंशांपर्यंत वर न्या, दोन सेकंद थांबा, सावकाश खाली आणा. दोन्ही बाजूंना १५चे तीन संच, एक दिवसाआड. भिंत महत्त्वाची आहे. ती नसली की पाय नकळत पुढे येतो, काम पुढचा स्नायू करतो आणि ज्याला बळकट करायचंय तो आराम करतो. मग १५ ते २० सेंटीमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच जमिनीला हलकेच लावून वर यायचं, १०चे तीन संच. आरशात बघा: उभ्या पायाचा गुडघा अंगठ्याच्या आत जात असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. आयटी बँडचा पट्टा रोलरवर (स्नायू चोळायच्या दंडगोलावर) जोरजोरात रगडून लांब होत नाही. नितंबाचा आणि मांडीचा स्नायू हलका चोळायला हरकत नाही, पण दुखऱ्या जागेवर रोलर नको.

तोपर्यंत धावायचं किती? दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवत असेल तर चालू ठेवा. चार झालं की त्याच क्षणी चालायला लागा, आणि फेरी पुरी करायचा हट्ट धरू नका. हीच फेरीची अडचण आहे: अर्ध्यावर दुखलं तरी परतायला तेवढंच अंतर उरतं. म्हणून हे दोन-तीन आठवडे पूर्ण फेरी बंद. फाटकापासून एक किलोमीटर जाऊन परत, किंवा बागेतल्या आतल्या लहान वळशाच्या चकरा. दुखणं दोन किलोमीटरला सुरू होतंय तर दीडला थांबा, ३-४ मिनिटं चाला आणि मग पुन्हा थोडं धावा. उतार चालतच उतरा. खूप हळू, पाय घासत धावण्याने हे दुखणं कधी कधी उलट वाढतं, तेव्हा हळू धावण्यापेक्षा चाल आणि जॉग आलटूनपालटून करणं बरं.

आता घड्याळाचं कोडं. बाहेरच्या कडेने धावल्यामुळे अंतर वाढत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशोब करून बघा. बंद फेरीत तुम्ही आतल्या कडेपासून जितके मीटर बाहेर धावता, त्याच्या सव्वासहा पट जास्त अंतर पडतं. फेरी एक किलोमीटरची असो की दहाची, गुणक तोच, २ × π (म्हणजे २ × ३.१४). ३ मीटर बाहेरून धावलात तर पूर्ण फेरीला १९ मीटर वाढतील. ५.०५ आणि ५.३१ यांत २६० मीटरचा फरक आहे, आणि तो भरून काढायला ४१ मीटर बाहेरून धावावं लागेल. पायवाट तेवढी रुंद नसतेच. म्हणजे हा फरक तुमच्या पायांचा नाही, उपग्रहांच्या संकेताचा आहे. दाट झाडांखाली संकेत क्षीण होतो, उंच इमारतींवर आपटून तो उशिरा पोचतो, आणि घड्याळ तुम्हाला पाण्यात धावताना दाखवतं.

हा आकडा नुसता त्रासदायक नाही, फसवाही आहे. तीच ३९ मिनिटं ५.०५ने भागली तर किलोमीटरला ७ मिनिटं ४३ सेकंद येतात, ५.३१ने भागली तर ७ मिनिटं २१ सेकंद. धावणं तेच, आणि २२ सेकंदांची ‘प्रगती’ फुकटात. म्हणून फेरीचं अंतर एकदा मोजा आणि कायमचं ठरवून टाका. सायकलला मीटर असेल तर उत्तम. चाकातली हवा नेहमीइतकी भरा, टायरवरची हवा भरायची नळी बरोबर खाली आणून जमिनीवर खूण करा, सीटवर बसून सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि ते अंतर टेपने मोजा. चाकाच्या दहा फेऱ्यांना २१.२० मीटर आले तर सायकलच्या मीटरमध्ये चाकाचा घेर म्हणून २१२० मिलिमीटर घाला. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर कमी होतो. अधिकृत शर्यतींचे रस्तेही आजवर खुणेच्या अंतरावर तपासून घेतलेल्या सायकलीनेच मोजत आले आहेत, आणि तिथे वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून जायचा नियम आहे. तुम्हीही आतली कड धरून मोजा. सायकल आत नेता येत नसेल तर आकाश मोकळं असताना सहा फेऱ्यांची नोंद घ्या, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत छोटी सोडून द्या, उरलेल्या चारांची सरासरी धरा. पुढच्या हिशोबासाठी ती ५.२ किलोमीटर समजतो.

मग फेरीचे तुकडे पाडा. खुणा हलत नाहीत अशाच घ्या: पुलाचा पहिला खांब, पाण्याची टाकी, ठरावीक दिवा. बाक नको, बाक हलवतात. समजा झाडांखालचा भाग १.६ किलोमीटर, तळ्याचा उघडा काठ २.४, पूल आणि चढ ०.५, रस्त्याकडेचा परतीचा भाग ०.७. प्रत्येक खुणेला घड्याळातलं लॅपचं, म्हणजे तुकड्याची वेळ नोंदवणारं, बटण दाबा. त्या क्षणाची गती दाखवणारा आकडा झाडांखाली कुठेही उड्या मारतो, तो पाहूच नका. तुकड्याची वेळ खरी.

तळ्यावर दम का लागतो ते या तुकड्यांवरून बहुधा दोन दिवसांत कळेल. नेहमीचा दोष पहिल्या १.६ किलोमीटरमध्ये असतो. सावली आहे, पाय ताजे आहेत, आणि गती नकळत वाढते. हिशोब चुकता होतो उघड्यावर. पहिला तुकडा १२ मिनिटांच्या आत येत असेल, म्हणजे किलोमीटरला साडेसातपेक्षा वेगवान, तर तिथेच आवरा. तो १३ मिनिटांत करा. तुकडा संपताना दहा-बारा शब्दांचं वाक्य मोठ्याने, मध्ये श्वास न घेता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर तळ्यावर काय होणार ते ठरलेलंच आहे.

उरलेला भाग वाऱ्याचा. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तळ्यावरची थंड हवा काठाकडे सरकते. मोठ्या तळ्याकाठी हा वारा ऊन चढल्यावर सुरू होतो आणि दुपारभर राहतो. पहाटे काठ बहुधा शांत असतो. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. तुमचा वेग ताशी ८ किलोमीटर आहे. समोरून ८चाच वारा असेल तर हवा १६ने आदळते आणि रोध चौपट होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर रोध शून्य होतो. म्हणजे समोरून तीन वाटे गमावले आणि पाठीमागून एक कमावला. फेरीत वारा कधीच फिटंफाट होत नाही. समोरून २० किलोमीटरचा वारा असेल तर रोध बारापट होतो, आणि तो जॉगिंगच्या गतीलाही चांगलाच जाणवतो. अशा वेळी गती धरून ठेवायची नाही, श्रम सारखे ठेवायचे. किलोमीटरला १५-२० सेकंद गेली तर जाऊ द्या. थंडीत वाऱ्याच्या तोंडावरचा काठ आधी येईल अशी दिशा निवडा, म्हणजे घामाने भिजल्यावर वारा अंगावर येणार नाही. उन्हाळ्यात उलट: पाठीवरच्या वाऱ्यात हवा अंगाला लागतच नाही, घाम वाळत नाही आणि उकडतं, म्हणून तो भाग सुरुवातीला घ्या.

सूर्य खाली असताना पाणी प्रकाश जोरात परतवतं, तो वर आला की फारच कमी. म्हणून सकाळी-संध्याकाळी तळ्याची तिरीप डोळ्यांत जाते आणि समोरची वर आलेली फरशी दिसत नाही. पुढे झडप असलेली टोपी इथे गॉगलपेक्षा कामाची. संध्याकाळी काठावर चिलटांचे थवे उठतात तेव्हा साधा पारदर्शक चष्मा घाला.

जमिनीबद्दल. डांबर आणि काँक्रीट यांतला फरक पायांना जितका सांगितला जातो तितका मोठा नाही, कारण पृष्ठभाग कडक असला की शरीर पाय थोडा मऊ ठेवतं आणि मऊ असला की कडक. खरा फरक सपाटीचा. मुळांनी उचललेले पेव्हर ब्लॉक, पुलाचे सांधे, शेवाळ धरलेली लाकडी फळी या पडण्याच्या जागा आहेत. ओल्या लाकडी डेकवर वळायचं नाही आणि जोरात ढकलायचंही नाही. पाऊल सपाट ठेवून, आखूड टाकून पार करायचं. मातीची पायवाट आठवड्यातून एक दिवस जरूर घ्या, पण पहिल्याच दिवशी पूर्ण फेरी मातीवर नको. घोट्याला सवय नसते.

वेळ का अडली? पाचही दिवस एकाच मधल्या गतीने धावल्यामुळे. ती गती सावकाश म्हणायला जास्त आहे आणि जोराची म्हणायला कमी, त्यामुळे रोज थकवा येतो आणि शरीराला नवं काही मिळत नाही. गुडघा आठवडाभर पूर्ण शांत राहिल्यावर चार दिवस करा. दोन दिवस सावकाश फेरी, ४२-४३ मिनिटांत. त्यातली एक उलट दिशेने. एक दिवस जोराचा: १० मिनिटं सावकाश, मग तळ्याच्या सपाट भागावर एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं हळू असं सहा वेळा, मग सावकाश परत. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दच बोलता येतील इतकं; जीव तोडून नाही. चौथा दिवस लांब: फेरी अधिक फाटकाजवळचा छोटा वळसा, आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढवत ८ किलोमीटरपर्यंत. चौथ्या आठवड्यात सगळं दोन-तृतीयांशावर आणा. त्या आठवड्याच्या शेवटी एकदा फेरी वेळ लावून धावा, ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या तासाला. एरवी एकूण वेळेकडे बघू नका.

नाडीचे ठोके बघत असाल तर कमाल ठोक्यांसाठी २०८ उणे वयाचे ०.७ पट हे सूत्र २२० उणे वयापेक्षा बरं, विशेषतः साठीच्या आसपास. चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८०च येतं. सावकाश दिवशी त्याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे १०८ ते १३५. मनगटावरचा सेन्सर मात्र कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल पकडतो. पहिल्या दोन मिनिटांत १६५ दिसलं आणि आरामात बोलता येत असेल तर पावलं मोजा, तीही १६५च निघतील. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा.

बुटांबद्दल एवढंच: अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीची जागा, ५०० ते ८०० किलोमीटरला बदल, आणि उतारावर टाच सरकत असेल तर शेवटच्या भोकांत लेसचे छोटे फास करून त्यांतून समोरची टोकं ओवून ओढा. एकाच कललेल्या बाजूने धावणाऱ्यांच्या दोन बुटांचे तळ वेगवेगळे झिजतात. आत्ताच उलटे करून शेजारी ठेवा. उजव्याची झीज वेगळी दिसली तर वर सांगितलेल्या उताराचा आणखी एक पुरावा मिळेल.

तासाच्या आतल्या फेरीला सोबत पाणी लागतंच असं नाही. गरज किती ते वजन सांगतं: आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर. तहानेपेक्षा जास्त पाणी बळेच पिऊ नका, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. तळ्याच्या पाण्यावर हिरवी साय दिसली तर त्यात तोंड धुऊ नका आणि सोबतच्या कुत्र्यालाही उतरू देऊ नका. त्यातल्या सूक्ष्मजीवांचं विष घातक असू शकतं.

सायकली असलेल्या पायवाटेवर तिथल्या नियमाप्रमाणे आपली बाजू धरा, आणि थांबण्याआधी, वळण्याआधी, कोणाला ओलांडण्याआधी मान वळवून मागे बघा. अचानक थांबण्या-वळण्यामुळे तिथे धडक होऊ शकते. लांब दोरीवरच्या कुत्र्याच्या आणि मालकाच्या मधून जायचं नाही. एक कान मोकळा ठेवा.

एका बाबतीत तडजोड नको: वीज. उघड्या काठावर तुम्ही सगळ्यांत उंच असता. चमक दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. फेरी तिथेच सोडा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा; एकट्या झाडाखाली किंवा भिंती नसलेल्या छपराखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. म्हणून फेरीचे तुकडे पाडाल तेव्हा प्रत्येक तुकड्यातून बाहेर पडायचं सगळ्यांत जवळचं फाटक कोणतं, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा. गुडघा अर्ध्यावर दुखला तरी तेच फाटक उपयोगी पडेल.